पिवळ्या वाचनखुणा

हिंगोली
११ नोव्हेंबर २०२४

मा. श्रीरंग देवस्थळी,
दुपाखी प्रकाशन, पुणे

सप्रेम जयभीम.

आज सकाळी नळाला पाणी आले. पाणी भरून घर झाडले. दुपारी पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो, रांग होती. चारला घरी आलो आणि माझ्या पत्नीचा डबा उघडला. हे पत्र त्या डब्याबद्दल आहे.

माझी पत्नी जनका प्रेमानंद खिल्लारे शिरड शहापूरकडच्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका होती. २ फेब्रुवारीला ती वारली. किडनीचा आजार होता. मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो, आता निवृत्त आहे.

डबा म्हणजे लस नेण्याचा निळा डबा. खात्याने बाद केला तेव्हा तिने मागून घेतला. आत तुमच्या आणि तुमच्यासारख्या इतर लहान प्रकाशनांच्या वस्तू आहेत. छोटी कॅलेंडरे, नव्या पुस्तकांची पत्रके, दिवाळीची कार्डे, तुमच्या दुपाखी छपराचे चित्र असलेली एक कापडी पिशवी. सगळ्यात जास्त तुमच्या पिवळ्या वाचनखुणा आहेत. तीसेक असतील. प्रत्येकीच्या मागे तिने पेन्सिलने साल टाकले आहे.

एकाच रंगाच्या इतक्या खुणा कशाला, असे मी तिला एकदा विचारले होते. ती म्हणाली, "हिंगोलीची हळद नावाजलेली, म्हणून आपल्याला पिवळीच पाठवून राहिले ते." मला ते पटले. हळदीच्या दिवसांत इथल्या मार्केट यार्डातल्या हमालाच्या पापण्यासुद्धा पिवळ्या असतात.

मी वाचणारा माणूस नाही. पेपर वाचतो. माझा मेहुणा भीमराज परवा म्हणाला, "काय करून राहिले दाजी ह्या कागदायचं? भंगारवाला बी घेणार न्हाई, वजनच न्हाई त्याला." मला ते टाकवत नाही. वस्तू तुमच्या आहेत. परत हव्या असल्या तर कळवा, नको असल्या तर तसे कळवा. तुमच्या पत्रकावर फोन नंबर नाही, पत्रच पाठवावे असे छापले आहे, म्हणून पत्र लिहिले.

आपला,
प्रेमानंद खिल्लारे


पुणे
२५ नोव्हेंबर २०२४

प्रिय प्रेमानंदजी,

तुमचं पत्र आलं आणि आमच्या दोन खोल्यांच्या कार्यालयात सण झाला! जनकाताई गेल्याचं वाचून वाईट वाटलं. त्या आमच्या फार जुन्या स्नेही.

या जानेवारीत दुपाखीला पंचवीस वर्षं होतात. त्यानिमित्त प्रदर्शन भरवतो आहोत. पुस्तकं आहेत, पण पुस्तकांभोवतीचा पसारा, म्हणजे खुणा, कार्डं, पत्रकं, यातलं आम्ही काहीच ठेवलं नाही. दोनदा जागा बदलली, एकदा वाळवी लागली. आणि आता दिवस असे आले आहेत की छोट्या प्रकाशनांच्या नेमक्या याच वस्तू जमवणारे संग्राहक दारात उभे असतात. त्यांना पुस्तक नको, त्यातली खूण हवी! पिवळी खूण तर आजवर कुणाकडे एकही मिळाली नव्हती. त्या कुणी जपून ठेवत नसे. तुमच्या घरात अख्खा संच आहे, हे वाचून मी खुर्चीतून उठलो.

सगळंच पाठवा. पिवळी एकही गाळू नका, क्रम मोडू नका, पेन्सिलीचं साल पुसू नका.

हळदीची कल्पना मात्र फार गोड आहे. आमच्याकडेही त्यावरून एक गंमत चालायची. कधी भेटलात तर सांगेन. तुमच्यासारख्या साध्या माणसानं हा ठेवा भंगारात जाऊ दिला नाही, याबद्दल मराठी साहित्यविश्व तुमचं ऋणी राहील.

स्नेह असावा.
श्रीरंग देवस्थळी


हिंगोली
४ डिसेंबर २०२४

मा. देवस्थळी सर,

सप्रेम जयभीम.

आज थंडी आहे. सकाळी गॅसची टाकी आली. नंतर दोन शर्ट इस्त्रीला दिले.

तुमचे पत्र मिळाले. वस्तू तुमच्या उपयोगाच्या आहेत हे वाचून बरे वाटले. नमुना म्हणून एक पिवळी खूण सोबत पाठवतो.

तुम्ही जनकाला जुनी स्नेही म्हणता. ती पुण्याला कधी गेली नाही. म्हणजे ओळख पत्रातूनच झाली असणार. ती दुपारी उपकेंद्र बंद करून पोस्टात जायची. मी विचारले तर म्हणायची, पुस्तकांची चौकशी करते. तेवढ्यावर मी गप्प बसायचो, कारण पुस्तकांचे मला काही कळत नाही.

तिने तुम्हाला काय लिहिले होते? तिची पत्रे असली तर त्यातले एखादे द्या. झेरॉक्स चालेल. तिचे अक्षर घरात राहिलेले नाही. लसीकरणाची रजिस्टरे खात्यात जमा झाली. किराणा ती तोंडी सांगायची.

आपला,
प्रेमानंद खिल्लारे


पुणे
१६ डिसेंबर २०२४

प्रिय प्रेमानंदजी,

तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं? मी समजत होतो की घरात हे माहीत असणार.

जनकाताई कविता पाठवत. वर्षातून एकदा, कधी दोनदा. जाड खाकी पाकीट, वर हिंगोली जिल्ह्याचा शिक्का. आमच्या चौकटीत त्या बसल्या नाहीत, इतकंच. प्रत्येक बाड आम्ही परत पाठवलं. याबाबतीत दुपाखीची शिस्त कडक आहे. न घेतलेला एक कागदही आम्ही ठेवून घेत नाही. तो लिहिणाऱ्याचा असतो. त्यामुळे त्यांचं अक्षर आमच्याकडे नाही. ते तुमच्याच घरात कुठंतरी असणार.

नमुन्याची खूण पोचली. पंधरा वर्षांपूर्वीची, पण हळदीसारखी ताजी! माझे सहकारी ती हातोहात फिरवत होते. फार हसलो आम्ही, जुने दिवस आठवून.

बाकीचं सगळं दहा जानेवारीपर्यंत इथं पोचायला हवं. भिंत तयार करायची आहे.

आपला,
श्रीरंग देवस्थळी


हिंगोली
२४ डिसेंबर २०२४

मा. देवस्थळी सर,

सप्रेम जयभीम.

आज काही केले नाही. काल आणि परवा घर शोधले. गाद्या, ट्रंक, भांड्यांच्या फडताळाचा वरचा कप्पा, तिच्या साड्यांच्या घड्या. शिरड शहापूरच्या क्वार्टरमधून आणलेली दोन पोती उसवली. कविता मिळाल्या नाहीत. एक ओळसुद्धा मिळाली नाही.

आमच्याकडे आंघोळीच्या पाण्यासाठी तांब्याचा बंब आहे. पेटवायला ती कागद घालायची. पोस्टातून जाड पाकीट आले की त्याच्या दुसऱ्या दिवशी पाणी लवकर तापायचे, असे आता वाटते. तसे असेलच असे नाही. मी त्या पाण्याने आंघोळ करून ड्यूटीवर जायचो.

ती लिहीत होती हे मला माहीत नव्हते. तुम्हाला माहीत होते.

तुमची शिस्त समजली. मीही खात्यात होतो. पण शिस्तीतूनसुद्धा एखादा कागद कपाटामागे पडतो. आमच्या कालव्याच्या दप्तरात पडायचा. कृपा करून कपाटे सरकवून बघा. एक कविता द्या, मी सगळे पाठवतो. कविता मिळाली नाही तर हे सगळे माझ्याकडेच राहील, कारण मग तिचे म्हणून एवढेच उरते.

२ फेब्रुवारीला वर्ष होते. शिरड शहापूरच्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला आहे. त्या दिवशी तिने लिहिलेले काहीतरी लोकांपुढे वाचावे, एवढी माझी इच्छा आहे.

आपला,
प्रेमानंद खिल्लारे


पुणे
३ जानेवारी २०२५

प्रिय प्रेमानंदजी,

सापडली!

तुम्ही म्हणालात तसंच झालं. कपाट सरकवलं आणि मागे एक कागद. वर जनकाताईंचं नाव. काय सांगू, लगेच सहकाऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. किती सहज लिहितात या गावाकडच्या बायका! ओळीओळीला मातीचा वास आहे.

मूळ कागद इतका ठिसूळ झाला आहे की टपालानं पाठवणं शक्य नाही. प्रदर्शनात तो काचेखाली राहील. पण कविता आम्ही प्रदर्शनाच्या स्मरणिकेत छापतो आहोत, अकराव्या पानावर, जनकाताईंच्या पूर्ण नावानिशी. जे पंचवीस वर्षांत झालं नाही ते आता होतं आहे.

स्मरणिकेच्या प्रती छापून झाल्या की तुमच्याकडे पार्सल येईल. घरी उघडू नका. कार्यक्रमातच, सगळ्यांसमोर उघडा, पुस्तकाचं प्रकाशन करतात तसं. त्यांचा तो मान आहे.

खुणा मात्र आजच्या आज रवाना करा.

घाईत,
श्रीरंग देवस्थळी


हिंगोली
७ जानेवारी २०२५

मा. देवस्थळी सर,

सप्रेम जयभीम.

आज सकाळी खोके बांधले आणि पोस्टात नेऊन दिले. डब्यातले सगळे त्यात आहे. खुणा सालाप्रमाणे लावून दोऱ्याने बांधल्या आहेत. निळा डबा फक्त माझ्याकडे ठेवला आहे. पोस्टातल्या माणसाने आत काय आहे विचारले. मी म्हटले, कागद. तो म्हणाला, "किमती हाय का?" मी म्हटले, हो.

तुम्ही कपाट सरकवलेत, त्याबद्दल आभारी आहे. मला जास्त लिहिता येत नाही. तिचे नाव छापून येणार. घरी आल्यावर ते पूर्ण नाव मी एकदा मोठ्याने म्हणून पाहिले.

आपला,
प्रेमानंद खिल्लारे


हिंगोली
५ फेब्रुवारी २०२५

मा. देवस्थळी सर,

सप्रेम जयभीम.

आज उशिरा उठलो. चहा केला. भात कालचाच होता, तो खाल्ला. रविवारी कार्यक्रम झाला, तो कसा झाला ते कळवतो.

तुमचे पार्सल आदल्या आठवड्यात आले होते. सांगितल्याप्रमाणे उघडले नाही. भीमराजनेही बजावले होते, "दाजी, घरी फोडू नका बरं का. समद्यासमोर फोडू. मोठ्या लोकायची पुस्तकं तशीच निघतेत." त्याने वरून चमकीचा कागद लावला आणि निळी फीत बांधली. सगळ्या नातेवाइकांना त्याने फोन करून सांगितले होते की अक्काचे पुस्तक निघणार आहे. मी त्याला म्हटले की पुस्तक नाही, एक कविता आहे. तो म्हणाला, "एकच व्हय, दाजी."

विहार भरला होता. वंदना झाली. दोघेजण तिच्या नोकरीबद्दल चांगले बोलले. मग गोजरबाईच्या हस्ते फीत सोडली. गोजरबाई गावातल्या शेतकरी कुटुंबातली आहे, तिची तिन्ही बाळंतपणे जनकाने केली होती. प्रती वाटल्या. भीमराजने अकरावे पान काढले आणि माइकवरून वाचायला लागला. तुम्हाला माहीत आहे, तरी इथे उतरवतो.

माझ्या अंगणी तुळस
तिला घालिते मी पाणी
मागे पाळण्यात झोपे
माझी चिमुकली राणी

कपाळीचे माझे कुंकू
जशी सूर्याची गं खूण
ओल्या मातीचा हा वास
घेते पदरी बांधून

पहिल्याच ओळीला भीमराज अडखळला. पण माइक हातात होता, त्याला थांबता आले नाही. शेवटपर्यंत वाचले. खाली 'जनका प्रेमानंद खिल्लारे' आहे, तेही वाचले.

माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ जळबा पुढेच बसले होते. ते म्हणाले, "काहून रं भीमराज, तुह्या बहिणीनं तुळस कवा लावली?"

"कविता हाय काका ती," भीमराज म्हणाला.

"व्हय, कविता हाय. पण तुळस कवा लावली?"

मागून एकजण म्हणाला, "दाजी ड्यूटीवर गेले का लावत असंल, दाजी आले का उपटत असंल." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. बौद्धाचार्य हातातले पान उलटसुलट करून बघत होते.

गोजरबाई तापली. "आवं, तुळस माझ्या दारात हाय! बाई यायच्या, तिथंच टेकायच्या. तेच लिव्हलं असंल त्यायनं."

"बरं, तुळस तुजी," जळबा म्हणाले. "मंग पाळण्यातलं लेकरू बी तुजंच का? का दाजीनं कुठं लपवून ठेवलंय? इचारा की दाजीला."

यावर कोणी हसले नाही. नंतर थोडे हसले. मग खिचडी वाढायला घेतली.

सर, आम्हाला मूल नाही. जनकाने नोकरीत दुसऱ्यांची जेवढी बाळंतपणे केली तेवढी बहुतेक त्या भागात कोणी केली नसतील. आमच्या घरी तुळस नव्हती. ती कुंकू लावत नव्हती. माझ्या प्रत्येक पत्राच्या वर जयभीम लिहिलेला आहे. तुम्ही तो वाचला असेल असे मी धरून चाललो होतो.

घरी आल्यावर स्मरणिका पहिल्या पानापासून वाचली. एवढे मी पहिल्यांदाच वाचले. चौथ्या पानावर तुमचा लेख आहे. त्यातले उतरवतो.

"नकाराचं पत्र लिहायला वेळ कुणाला होता? आम्ही सोपी युक्ती काढली. पुस्तक विकत घेणाऱ्याला पांढरी वाचनखूण, परत जाणाऱ्या बाडाला पिवळी. पत्र नाही, खुलासा नाही. ज्याला कळायचं त्याला कळे. संध्याकाळी कार्यालय बंद करताना आम्ही एकमेकांना विचारायचो, आज किती जणांना हळद लावली? ‘दुपाखी’त नाकारलेला कागद कधी राहिला नाही. अर्धीअधिक पाकिटं तर आम्ही फोडलीही नाहीत. खूण वरून टाचली की झालं!"

हळद ती हीच.

जनकाला कळले नसेल असे नाही. तिला पहिल्या-दुसऱ्या वेळीच कळले असेल. तरी तिने मला हिंगोलीच्या हळदीचे सांगितले आणि प्रत्येक खुणेवर साल टाकत राहिली.

मला तुम्हाला एवढेच विचारायचे आहे. चौथ्या पानावर तुमच्याकडे एकही कागद राहिलेला नाही. डिसेंबरच्या पत्रातही नव्हता. अकराव्या पानावर एक राहिला आहे. त्या मूळ कागदाचा फोटो पाठवा. अक्षर मी ओळखीन. तो नसेल तर कविता कोणी लिहिली ते कळवा, खालचे तिचे नाव काढा, आणि खुणा परत पाठवा.

प्रेमानंद खिल्लारे


पुणे
१९ फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रेमानंदजी,

तुमच्या पत्रातला सूर पाहून वाईट वाटलं. तुमचं दुःख मी समजू शकतो, म्हणून शांतपणे लिहितो आहे.

कविता म्हणजे हयातीचा दाखला नव्हे. घरात काय होतं आणि काय नव्हतं याची तिथं तपासणी करायची नसते. उलट घरात जे नसतं तेच माणूस कवितेत आणतो. तुमच्या घरात पाळणा नव्हता, म्हणूनच तो जनकाताईंच्या कवितेत आला. तुळस नव्हती म्हणून तुळस आली. एक बाई इतकी वर्षं तुमच्या शेजारी बसून मनात काय मागत होती, हे तुम्हाला कळलं नाही. ते आम्हाला एका कागदावरून कळलं. हे कठोर वाटेल, पण तुम्ही विचारलंत. विहारात जे हसले त्यांनाही कविता कशी वाचायची ते शिकवायला हवं.

मूळ कागद आता माझ्याकडे नाही. प्रदर्शनात सगळ्यात गाजली ती पिवळ्या खुणांची भिंत. मुंबईचे एक संग्राहक आले होते. छोट्या प्रकाशनांच्या अशा वस्तूंचा त्यांच्याकडे मोठा संग्रह आहे. त्यांनी अख्खी भिंत काचेखालच्या कागदासकट उचलली. खुणा चौकटीत बसवल्या आहेत. सालं दिसावीत म्हणून काही उलट्या लावल्या आहेत, आणि आता ते कुणाला हात लावू देत नाहीत. त्यामुळे परत मागणं योग्य होणार नाही. खाली पाटी आहे, 'एका अज्ञात ग्रामीण कवयित्रीचा संग्रह.' त्यांचं म्हणणं असं की अज्ञात म्हटलं की पाहणारा जास्त वेळ थांबतो. तुम्ही नाव काढायला सांगितलं होतंत. तिथं तरी ते नाही.

स्मरणिकेच्या प्रती सगळीकडे गेल्या आहेत. आता त्यात बदल होणे नाही.

राग नसावा. सोबत आमची नवी वाचनखूण पाठवतो. पांढरी आहे.

आपला,
श्रीरंग देवस्थळी


हिंगोली
३ मार्च २०२५

मा. देवस्थळी सर,

सप्रेम जयभीम.

आज सकाळी पाणी उशिरा आले. त्याआधी पोस्टात जाऊन आलो. येताना मार्केट यार्डाच्या बाजूने आलो. नवी हळद आली आहे, रस्त्यावर पोत्यांची रांग आहे. चपलांना पिवळे लागले ते दारात झटकले. घरी येऊन पाणी भरले. निळा डबा धुऊन पुसला आणि त्यात तूरडाळ भरली. त्याचे झाकण घट्ट बसते, मुंग्या जात नाहीत.

तुमचे पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसलो की तुमचे म्हणणे खरे वाटू लागायचे. मग उठून दारात जायचो. आमचे अंगण म्हणजे दारापुढची फरशी. तिथे पाण्याची टाकी आहे आणि माझी सायकल. तुळस लावायची असती तर तिने ती कुठे लावली असती, हे मी बघत उभा राहायचो. टाकीच्या अंगाला जागा आहे. सकाळचे ऊनही येते. ते तुम्ही मला बघायला लावलेत.

पाळण्याची जागा मी बघितली नाही.

भीमराज येऊन गेला. मी त्याला चौथे पान वाचून दाखवले. त्याने स्मरणिका मिटली. मग म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ना दाजी आता. कविता कोनाची का असंना, नाव तं अक्काचंच हाय. छापून आलंय. मी फ्रेम करून लावलंय ते." मी विचारले, "जळबाकाका घरी आले तर?" तो म्हणाला, "ते आले का काढून ठेवतो." भीमराजच्या घरी ती कविता भिंतीवर आहे, तुमच्या त्या माणसाच्या घरी खुणा भिंतीवर आहेत. जनकाने पोस्टात टाकलेले कुठेच नाही.

मागच्या आठवड्यात गॅसचे पुस्तक काढले तेव्हा त्यात एक पिवळी खूण सापडली. नंबर लावलेले पान चटकन मिळावे म्हणून तिने ती तिथे घालून ठेवली असावी. मागे साल आहे, २०१९. ती डब्यात नव्हती म्हणून तुमच्याकडे आली नाही. त्यानंतरची मी पाहिलेली नाही. म्हणजे त्यानंतर तिने पाठवणे बंद केले असेल.

आज तुम्हाला जे पाकीट टाकले त्यात स्मरणिकेचे अकरावे पान आहे. माझ्या प्रतीतून फाडून घेतले. त्याला ती पिवळी खूण टाचली आहे. दुसरे काही नाही. परत पाठवताना पत्र घालायची तुमच्याकडे रीत नाही, म्हणून घातले नाही. तुमची पांढरी खूण गॅसच्या पुस्तकात ठेवली आहे.

आलेल्या पत्राला उत्तर लिहायचे राहिले तर मला चैन पडत नाही, एवढ्यासाठी हे लिहिले. हे तुमच्याकडे येणार नाही.

अजून आंघोळ झालेली नाही. बंबात पाणी ओतले आहे, खाली दोन लाकडे लावली आहेत. पेटवायला कागद पाहिजे. हा घालतो.